गाडीच्या रंगावरचं ‘कोळ्याचं जाळं’ घालवायचंय? पॉलिशिंग मशीन घेण्याआधी हे समजून घ्या

गाडी शोरूममधून घरी आणली तेव्हा बोनेटमध्ये चेहरा दिसायचा. दीड-दोन वर्षं जातात. मग एका रात्री पेट्रोल पंपावर रांगेत उभं असताना छताच्या दिव्याचा उजेड बोनेटवर पडतो आणि त्या उजेडाभोवती बारीक रेषांचं एक गोल जाळं दिसतं. कोळ्याने विणल्यासारखं. गाडी काळी, गडद निळी किंवा लाल असेल तर जरा जास्तच. एकदा दिसलं की मग रोज दिसतं.

या रेषांना ‘स्वर्ल मार्क’ म्हणतात. मोबाईलवर शोधलं की शेकडो रील्स समोर येतात. अर्ध्या बोनेटवर मशीन फिरतं, अर्धं तसंच राहतं आणि मधली चिकटपट्टी काढली की एका बाजूला आरसा, दुसऱ्या बाजूला जाळं. ‘एवढं सोपं आहे तर आपणच का करू नये?’ असं वाटतं आणि बोट ऑनलाइन खरेदीच्या बटणाकडे जातं.

आपण स्वतः करण्यात काही गैर नाही. पण त्या यादीत दोन-अडीच हजारांच्या मशीनपासून चाळीस हजारांच्या मशीनपर्यंत सगळं एकाच नावाने विकलं जातं, ‘कार पॉलिशर’. दिसायला सगळी सारखीच. काम करण्याची पद्धत मात्र वेगळी. चुकीचं मशीन नवख्या हातात पडलं तर ओरखडे जायच्या ऐवजी रंगच जाऊ शकतो, आणि मग त्यावर एकच उपाय उरतो, तो भाग पुन्हा रंगवून घेणे.

त्यामुळे आधी जाळं समजून घेऊ, मग मशीन.

हे जाळं येतं कुठून?

उत्तर बहुतेकांच्या घरासमोरच आहे. सोसायटीत सकाळी गाडी पुसायला येणाऱ्याकडे एक बादली आणि एक फडकं असतं. त्याच पाण्यात आठ-दहा गाड्या होतात. रस्त्यावरची माती, बांधकामाची धूळ, वाळूचे कण फडक्यात अडकतात आणि पुढच्या गाडीवर घासले जातात. कोरड्या गाडीवर फडकं मारलं तर आणखी वाईट. ब्रश फिरणारं ऑटोमॅटिक वॉशिंग, सिग्नलला थांबल्यावर फिरवलेला डस्टर, धुळीच्या गाडीवर ओढलेलं कव्हर, या सगळ्यांचं काम तेच. धूळ स्वतः काही करत नाही. ती दाबून घासली की ती सॅंडपेपर होते.

गंमत म्हणजे हे ओरखडे प्रत्यक्षात गोल नसतात. ते आडवे, उभे, तिरके, सगळ्या दिशांना असतात. पण उजेड एका जागेवरून येतो तेव्हा त्याच्याभोवती जे ओरखडे आडवे पडलेले असतात तेवढेच चमकतात, बाकीचे दिसत नाहीत. म्हणून वर्तुळं दिसतात. खात्री करायची असेल तर रात्री मोबाईलचा टॉर्च बोनेटवर धरा आणि हळूहळू सरकवा. जाळ्याचा मध्यही टॉर्चबरोबर सरकेल. पांढऱ्या गाडीवरही हे ओरखडे असतातच, फक्त नजरेत भरत नाहीत.

‘काढायचे’ म्हणजे नेमकं काय करायचं?

आजच्या बहुतेक गाड्यांवर रंगाचे थर असतात. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग म्हणजे बेस कोट, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. चमक या शेवटच्या थराची असते. उन्हापासून खालच्या रंगाला वाचवण्याचं कामही तोच करतो. स्वर्ल मार्क याच थरात असतात.

आता आकडे बघा. कंपनीतून आलेल्या गाडीवर सगळ्या थरांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते. त्यात क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्या थरावर मशीन चालवायचं आहे तो केसापेक्षाही पातळ आहे.

पॉलिशिंग म्हणजे ओरखडा भरून काढणं नव्हे. ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट त्याच्या तळापर्यंत घासून पातळी सारखी करणं, म्हणजे पॉलिशिंग. किती थर जाईल हे पॅड, कंपाऊंड, दाब आणि वेळ यावर ठरतं. हलक्या पॉलिशमध्ये एखाद-दोन मायक्रॉन, जोरदार कंपाउंडिंगमध्ये त्याहून जास्त. गेलेला थर परत येत नाही. वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग लावून क्लिअर कोट जाड होत नाही.

क्लिअर कोट फारच पातळ झाला तर उन्हाने तो पांढरट पडतो आणि साल निघाल्यासारखा सुटतो. जुन्या गाड्यांच्या छतावर, बोनेटवर असे डाग सगळ्यांनी पाहिलेले असतात. मशीन एका जागी जास्त वेळ थांबलं तर हे व्हायला वर्षं लागत नाहीत, काही सेकंद पुरतात. ज्या भागावर रंग चढला तो गाडी विकताना जाडी मोजणाऱ्या मीटरवर लगेच दिसतो आणि घेणारा पहिला प्रश्न विचारतो, ‘गाडी ठोकली होती का?’

म्हणून मशीन निवडताना ‘किती पॉवरफुल आहे’ हा पहिला प्रश्न नाही. ‘माझी चूक झाली तर हे मशीन किती सांभाळून घेईल’ हा पहिला प्रश्न आहे.

मशीनचे तीन प्रकार

पहिला प्रकार रोटरी. यात पॅड एकाच अक्षाभोवती सरळ गोल फिरतं, पंख्यासारखं. वेग साधारण ६०० ते ३००० फेरे प्रति मिनिट. डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं हेच दिसतं. काम झटपट होतं, खोल ओरखडे निघतात. पण ६ इंची पॅड १५०० फेऱ्यांवर फिरत असेल तर त्याची कड सेकंदाला जवळपास १२ मीटर, म्हणजे ताशी ४० किलोमीटरहून जास्त वेगाने रंगावर घासते. उष्णता एका जागी साठते. हात थोडा तिरका झाला, एखाद्या कडेवर थांबला, की रंग जळतो. शिवाय नवख्या हाताने चालवलेलं रोटरी स्वतःच्या खुणा मागे ठेवतं. उन्हात गाडी बघितली की धुरकट लाटांसारखे पट्टे हलताना दिसतात, त्यांना ‘होलोग्राम’ म्हणतात. जाळं गेलं आणि लाटा आल्या, असा तो व्यवहार.

दुसरा प्रकार ड्युअल ॲक्शन, म्हणजे ‘डीए’. यात पॅड दोन हालचाली करतं. एका छोट्या कक्षेत झुलतं आणि झुलता झुलता स्वतःभोवतीही फिरतं. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना स्वतःभोवती फिरते, तसंच. ही स्वतःभोवतीची फिरकी मोटरला घट्ट जोडलेली नसते. जोरात दाबलं किंवा कडेवर पॅड अडलं की फिरकी थांबते, फक्त थरथर राहते. हा दोष वाटतो, पण नवख्या माणसासाठी हेच संरक्षण आहे. उष्णता पसरते, रंग जळण्याची शक्यता बरीच कमी होते आणि होलोग्राम सहसा येत नाहीत.

तिसरा प्रकार फोर्स्ड रोटेशन. हालचाल दुहेरीच, पण फिरकी गिअरने जोडलेली. त्यामुळे दाबलं तरी पॅड थांबत नाही. वळणदार भागांवर आणि कडक क्लिअर कोटवर हे चांगलं काम करतं. जर्मनीच्या फ्लेक्स कंपनीचं ३४०१ हे याच प्रकारातलं नावाजलेलं मशीन. पण जे थांबत नाही ते चूक झाली तरी थांबत नाही. हे दुसरं मशीन म्हणून बरं, पहिलं म्हणून नाही.

घरची एक-दोन गाड्यांची कामं करायची असतील आणि याआधी मशीन हातात धरलेलं नसेल, तर उत्तर दुसऱ्या प्रकारात आहे.

८, १५ की २१?

डीए घ्यायचं ठरलं की खोक्यावर एक आकडा दिसतो, ८ एमएम, १५ एमएम किंवा २१ एमएम. याला ‘थ्रो’ म्हणतात. पॅड ज्या कक्षेत झुलतं त्या वर्तुळाचा हा व्यास.

८ मिलिमीटरचं मशीन छोट्या झोक्यात काम करतं. आरशांच्या आजूबाजूला, बंपरच्या वळणांवर, खांबांवर ते सोयीचं पडतं. अमेरिकेत घरगुती पॉलिशिंग करणाऱ्यांमध्ये लोकप्रिय झालेलं पोर्टर-केबल ७४२४ याच मापाचं. पण मोठ्या बोनेटवर वेळ जास्त लागतो.

२१ मिलिमीटरचं मशीन एका दमात मोठा भाग उरकतं. लांब थ्रोची मशीन लोकप्रिय करण्यात इटलीच्या रुपेस कंपनीच्या बिगफूट मालिकेचा मोठा वाटा आहे. एसयूव्हीचं छत, सपाट दरवाजे यांच्यासाठी हे उत्तम. पण लहान, वळणदार भागावर त्याचं मोठं पॅड पूर्ण टेकत नाही आणि फिरकी थांबते.

१५ मिलिमीटर या दोघांच्या मधलं. आपल्याकडच्या हॅचबॅक आणि लहान एसयूव्हींवर सपाट जागा कमी आणि वळणं, घड्या जास्त. त्यांच्यासाठी १५ मिलिमीटर थ्रो आणि ५ इंची बॅकिंग प्लेट हा सगळ्यात कमी पश्चात्तापाचा पर्याय. बॅकिंग प्लेट म्हणजे ज्यावर पॅड चिकटतं ती चकती. पुढे हात बसला की कोपऱ्यांसाठी ३ इंची पॅडचं छोटं मशीन घेता येतं.

एक काळजी घ्या. मशीनसोबत आलेली चकती काढून मनाने मोठी किंवा लहान चकती लावू नका. आतलं वजन मूळ चकतीच्या मापाने तोललेलं असतं. ते बिघडलं की मशीन हातात नाचायला लागतं.

खोक्यावर आणखी काय बघायचं?

व्होल्टेज सगळ्यात आधी. अमेरिकेतला भाऊ किंवा पुतणी सुट्टीत येताना मशीन घेऊन येणार असेल तर थांबा. तिकडची वीज १२० व्होल्ट, आपली २३०. पिन बदलणारा ॲडॉप्टर लावून ते मशीन इथे चालवलं तर मोटर जळेल. पिन बदलल्याने व्होल्टेज बदलत नाही. युरोपातून आणलेलं मशीन मात्र योग्य पिन लावून चालतं.

वेग कमी-जास्त करण्याची सोय हवीच. एकाच वेगाचं मशीन घेऊ नका. बटण दाबताच पूर्ण वेगाने उसळण्याऐवजी हळू सुरू होणारं मशीन असेल तर कंपाऊंड भिंतीवर उडत नाही.

वॅटचा आकडा बघून भुलू नका. डीएसाठी ५०० ते ९०० वॅट या टप्प्यात चांगली मशीन मिळतात. त्यापेक्षा वजन आणि थरथर महत्त्वाची. संपूर्ण गाडी करायला सहा-सात तास सहज जातात. अडीच-तीन किलोचं थरथरतं मशीन दरवाज्यावर आडवं धरून उभं राहिलं की ते कळतं.

वायर किमान चार-पाच मीटर हवी. बॅटरीवर चालणारी मशीन सुटसुटीत असतात, पण पॉलिशिंग बॅटरी भराभर खातं. दोन-तीन बॅटऱ्या आणि चार्जर धरला तर खर्च वाढतो. पार्किंगमध्ये प्लग असेल तर वायरवालंच परवडतं.

शेवटी, बॅकिंग प्लेट आणि कार्बन ब्रश सुटे मिळतात का, आपल्या शहरात दुरुस्ती होते का, हे विकणाऱ्याला विचारा. नाव माहीत नसलेलं स्वस्त मशीन बिघडलं की तिथेच संपतं.

काय अजिबात घेऊ नये?

घरात पडलेल्या ४ इंची ग्राइंडरला लोकरीचं पॅड लावायची कल्पना अनेकांना सुचते. तो ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. पॅडच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास जातो. लोखंड कापण्यासाठी बनवलेलं ते हत्यार आहे. क्लिअर कोट त्यापुढे एक क्षणही टिकणार नाही.

ड्रिलला लावायचे पॅड हेडलाइटच्या काचेपुरते ठीक. पूर्ण गाडीसाठी ना तोल सांभाळता येतो, ना वेग. सुताराचा ऑर्बिटल सँडर दिसायला डीएसारखाच, पण त्याचा झोका अगदी लहान असतो आणि तो लाकडासाठी असतो. त्याने ओरखडे निघत नाहीत, निघतो तो आपला वेळ.

निम्मं काम पॅडचं

मशीनवर सगळा पैसा घालून एकच पॅड घेणं ही नेहमीची चूक. ओरखडा मशीन काढत नाही, पॅड आणि त्यावरचं कंपाऊंड काढतं.

लोकरीचं आणि मायक्रोफायबरचं पॅड जास्त कापतं. फोमच्या पॅडमध्ये कडक, मध्यम आणि मऊ असे प्रकार असतात. कडक कापायला, मऊ चमक आणायला. रंगावरून ओळखायला जाऊ नका. एका कंपनीचं पिवळं पॅड मऊ, दुसऱ्या कंपनीचं कडक असू शकतं. पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा.

सुरुवातीला मध्यम फोमची चार पॅड, मऊ फोमची दोन, एक मध्यम पॉलिश आणि मायक्रोफायबरची दहा-बारा फडकी एवढं पुरतं. पॅड भरलं की कापत नाही, फक्त गरम होतं. प्रत्येक टप्प्यानंतर ते ब्रशने साफ करा आणि दोन-तीन भागांनंतर बदला.

पहिल्यांदा चालवताना

गाडी नीट धुवा. मग क्ले बारने रंगावर चिकटलेले कण काढा. ते राहिले तर पॅडखाली येऊन नवे ओरखडे पाडतील. काम सावलीत करा. उन्हात तापलेल्या पत्र्यावर पॉलिश वाळून चिकटतं. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात हे काम पहाटे किंवा रात्रीच करावं.

रबर, प्लास्टिकच्या पट्ट्या आणि दरवाजा-बोनेटच्या धारदार कडांवर मास्किंग टेप लावा. कडांवर रंग मुळातच पातळ असतो.

आधी बोनेटचा दोन फूट बाय दोन फूट तुकडा घ्या. मऊ पॅड आणि सौम्य पॉलिशने सुरुवात करा. भागलं तर पुढे त्यानेच काम करा. नाही भागलं तरच एक पायरी वर जा. पॅडवर मटारएवढे चार थेंब पुरतात. पॅड रंगावर टेकवून मगच मशीन सुरू करा, आणि उचलण्याआधी बंद करा.

मशीन सावकाश न्यायचं, सेकंदाला साधारण एक इंच. एकदा उभं, एकदा आडवं, असे चार ते सहा फेरे. बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक रेघ मारून ठेवली तर पॅड फिरतंय की नुसतं थरथरतंय हे लगेच दिसतं. रेघ एका जागी दिसली की दाब कमी करा किंवा पॅड सपाट धरा. अधूनमधून पत्र्याला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसला तर थांबा.

झाल्यावर पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो तुकडा पुसा आणि टॉर्च मारा. काही पॉलिशमध्ये ओरखडे तात्पुरते बुजवणारी तेलं असतात. ती पुसली गेल्यावर जे दिसतं ते खरं.

मशीन कधी घेऊच नये?

नख फिरवून बघा. ओरखड्यात नख अडकत असेल तर तो पॉलिशने पूर्ण जाईल इतका वरवरचा नाही. त्याच्या मागे लागून क्लिअर कोट घालवू नका. गाडीला मॅट रंग असेल तर पॉलिशिंग करूच नका, तिथे चकचकीत डाग पडतील. पॅडवर गाडीचाच रंग येऊ लागला तर लगेच थांबा. एक तर त्या गाडीवर क्लिअर कोट वेगळा नाही, नाहीतर तो संपला आहे.

गाडी जुनी असेल, सेकंड हँड घेतली असेल, आधी किती वेळा पॉलिश झाली हे ठाऊक नसेल, तर डिटेलिंगवाल्याकडून रंगाची जाडी मोजून घ्या. हा मीटर सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतो, एकट्या क्लिअर कोटची नाही. तरीही इतर भागांपेक्षा एखादा आकडा फारच कमी आला तर तिथे मशीन लावायचं नाही, एवढं कळतं. आकडा दुपटीने जास्त आला तर तो भाग बहुधा पुन्हा रंगवलेला आहे.

आणि सरळ हिशेब करा. मशीन, पॅड, पॉलिश, फडकी मिळून जो खर्च होतो त्यात एक गाडी चांगल्या माणसाकडून करून होत असेल आणि पुन्हा दोन-तीन वर्षं हात लावायचा नसेल, तर करून घेणंच शहाणपणाचं. तिथे गेल्यावर दोन प्रश्न मात्र विचारा. कामाआधी जाडी मोजणार का? काम झाल्यावर वॅक्स किंवा कोटिंग चढवण्याआधी टॉर्च मारून दाखवणार का? जाळं न काढता त्यावर सिरॅमिक कोटिंग चढवलं तर ते जाळं काचेखाली ठेवल्यासारखं जपलं जातं.

परत येऊ नये म्हणून

सगळ्यात चांगलं मशीन घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच मातकट फडकं गाडीवर फिरलं, तर महिनाभरात जाळं परत हजर होईल. दर वेळी ते काढायला थोडा थोडा क्लिअर कोट जाणार.

म्हणून गाडी पुसणाऱ्याला एक मायक्रोफायबरचं फडकं आपणच द्या आणि गाडी आधी पाण्याने ओली करायला सांगा. कोरडी पुसण्यापेक्षा एक दिवस धूळ राहिलेली बरी. स्वतः धूत असाल तर दोन बादल्या ठेवा, एकीत शाम्पू, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. पावसाळ्यात चिखल आधी पाण्याच्या धारेने उडवा, मगच हात लावा.

मशीनचा खर्च चार आकडी किंवा पाच आकडी असेल. या फडक्याची किंमत शंभर-दोनशे रुपये आहे. खरेदीची सुरुवात तिथून केली, तर मशीन कपाटातून फार वेळा काढावं लागत नाही.